शाळा बघून उपनगर निवडायचं, तर सुरुवात कुठून करावी?

विंचवाचं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी,

जानेवारीत परदेशी बदली होणार आहे. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया की अमेरिका, ते महिनाभरात कळेल. म्हणून एखाद्या शहराची माहिती नको, पद्धत हवी आहे. मुलगी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सात वर्षांची झाली, सध्या दुसरीत. मुलगा नोव्हेंबरमध्ये बारा पूर्ण करेल, सध्या सातवीत. शाळा सरकारीच हवी, खासगीची फी हिशेबात धरलेली नाही.

'उत्तम शाळांची दहा उपनगरं' छापाच्या याद्या ढिगाने मिळतात, पण दोन याद्यांत एकही नाव जुळत नाही. म्हणून तीन प्रश्न:

१. आधी घर शोधायचं की आधी शाळा?
२. संकेतस्थळांवरच्या १० पैकी ८, १० पैकी ९ अशा गुणांवर किती विसंबायचं?
३. वर्षाच्या मध्यात पोचलो तर जागा मिळते का? मिळत नसेल तर काय करतात?

---

नकाशेवाला

शाळा उपनगराला मिळत नाही, पत्त्याला मिळते. एकाच उपनगरात रस्त्याच्या या बाजूच्या घरांना एक शाळा आणि समोरच्या घरांना दुसरी, हे रोजचंच आहे. त्यामुळे याद्या बाजूला ठेवा आणि प्रत्येक घराचा पूर्ण पत्ता, घर क्रमांकासकट, तपासायची सवय लावा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देशागणिक उलटं होतं.

अमेरिकेत आधी घर. तिथे शाळा 'डिस्ट्रिक्ट'च्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या ताब्यात असतात आणि डिस्ट्रिक्टच्या आत प्रत्येक शाळेची हद्द आखलेली असते. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये बहुधा अख्खी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) म्हणजे एक डिस्ट्रिक्ट, त्यामुळे गोंधळ कमी. टेक्सासमध्ये मात्र डिस्ट्रिक्टच्या सीमा शहराच्या सीमांशी जुळत नाहीत: पत्त्यावर डॅलस लिहिलेलं असतं आणि मूल जातं रिचर्डसन किंवा प्लेनो डिस्ट्रिक्टच्या शाळेत. टपालाच्या पत्त्यातलं गावाचं नाव आणि पिनकोडसारखा झिप कोड, दोन्ही या कामाला निरुपयोगी. घरांच्या जाहिरातीत लिहिलेली शाळासुद्धा पुरावा नव्हे, त्या संकेतस्थळांवरच्या हद्दी जुन्या असू शकतात. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून शाळा दाखवण्याची सोय असते, ती वापरा. मग नोंदणी कार्यालयाला तोच पत्ता ईमेलने पाठवून लेखी उत्तर घ्या. त्यात दोन गोष्टी विचारा: या पत्त्याला येत्या शैक्षणिक वर्षात हीच शाळा राहणार का, आणि माझ्या मुलांच्या इयत्ता भरल्या म्हणून प्रवेश थांबवलेत का. डिस्ट्रिक्टला तुम्हाला जागा द्यावीच लागते, पण इयत्ता भरलेली असेल तर ती त्याच डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेत देतात.

शिवाय प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक (हायस्कूल) अशा तीन शाळांच्या तीन वेगळ्या हद्दी असतात. लोक प्राथमिकची तपासतात आणि तिथेच थांबतात. तुमचा मुलगा दोन-अडीच वर्षांत हायस्कुलात जाणार, तेव्हा हायस्कूलची हद्द प्राथमिकपेक्षा आधी बघा. काही ठिकाणी एका प्राथमिक शाळेची निम्मी मुलं एका हायस्कुलात आणि निम्मी दुसऱ्यात जातात. तेही पत्त्यावरच ठरतं.

ऑस्ट्रेलियातही आधी घर. व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक सरकारी शाळेचा 'झोन' (ठरलेली हद्द) असतो आणि झोनमध्ये कायम राहणाऱ्या मुलाला त्या शाळेत जागा मिळण्याची हमी असते. मेलबर्नसारख्या शहरी भागात साधारणपणे सरळ रेषेत सर्वांत जवळची शाळा ती तुमची. शिक्षण खात्याच्या 'फाइंड माय स्कूल' नकाशावर पत्ता टाकला की दिसते. तिथे वर्ष निवडायचा पर्याय असतो, कारण नवी शाळा उघडली की शेजारच्या शाळांचे झोन आकसतात. चालू वर्ष बघून घर घेतलं आणि पुढच्या वर्षी झोनबाहेर गेलो, ही चूक नेमकी इथेच होते. न्यू साउथ वेल्स राज्यातही हद्दीची पद्धत आहे. ज्या शाळा भरत आल्या आहेत त्या पत्त्यासाठी '१०० गुणांची' कागदपत्रं मागतात: भाडेकरार, वीजबिल वगैरे प्रत्येकाला ठरलेले गुण आणि बेरीज शंभर.

इंग्लंडात मात्र, तुमच्यासारख्या मध्येच येणाऱ्यांसाठी, आधी रिकामी जागा आणि मग घर. पुष्कळ शाळांना आखलेली हद्द नसते. अर्ज जास्त आले की क्रम लावतात: सरकारी देखभालीखालची मुलं, मग बहुधा भावंडं, मग अंतर. दर वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली तो आकडा काउन्सिल (नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था) जाहीर करतं. समजा तो तीन वर्षांत १,१५० मीटर, ९८० मीटर, ८६० मीटर असा उतरत आला आहे. मग ९०० मीटरवरचं घर 'कॅचमेंटमध्ये (शाळेच्या टप्प्यात) आहे' असं सांगणारा एजंट गेल्याच्या गेल्या वर्षाबद्दल बोलतोय असं समजा. साडेसहाशेच्या आत शोधा. मोजमाप सरळ रेषेत की चालण्याच्या वाटेने, घराच्या दारापासून की इमारतीच्या मध्यबिंदूपासून, हे प्रत्येक प्रवेश नियमावलीत लिहिलेलं असतं. रेल्वेरूळ किंवा नदी मध्ये असेल तर या एका वाक्याने अर्धा किलोमीटर इकडचा तिकडे होतो.

पण हा आकडा नेहमीच्या फेरीचा, म्हणजे सप्टेंबरात पहिल्या वर्गात शिरणाऱ्यांचा. मधल्या वर्षी तुमच्या मुलीच्या वर्गात जागा रिकामी असेल तर दोन किलोमीटरवरूनही मिळते. नसेल तर फाटकासमोर राहूनही थेट मिळत नाही, अंतराचा उपयोग प्रतीक्षायादीतल्या क्रमापुरता. म्हणून आधी काउन्सिलला विचारायचं, 'तिसरीत आणि सातवीत कुठल्या शाळांत जागा आहेत?' आणि त्या यादीभोवती घर शोधायचं.

जाता जाता: कॅनडा तुमच्या यादीत नाही, पण ऑन्टॅरिओत नव्या वसाहतींमध्ये 'या भागातल्या मुलांना दूरच्या शाळेत जावं लागू शकतं' असे फलकच लावलेले असतात. शाळा बांधून होईपर्यंत मुलांना बसने 'होल्डिंग स्कूल'ला नेतात. कुठल्याही देशात कोऱ्या वसाहतीतलं चकचकीत घर बघताना हा प्रश्न विचाराच.

---

विंचवाचं_बिऱ्हाड

नकाशेवाला, झिप कोडवर याद्या करत बसलो होतो, त्या खोडल्या. इंग्लंडचा उलटा क्रम तर डोक्यातच नव्हता. आता गुणांबद्दल कोणी सांगेल का? एकाच शाळेला एका संकेतस्थळावर ९ आणि दुसऱ्यावर ५.

---

सरासरीचा_शत्रू

दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत.

शाळेची सरासरी काढली की त्यात दोन गोष्टी एकत्र होतात: मुलं घरून काय घेऊन आली आणि शाळेने त्यात काय भर घातली. पहिली गोष्ट बहुतांशी पालकांच्या शिक्षणावर आणि मिळकतीवर ठरते. म्हणून नुसत्या सरासरीवर उपनगरं लावली तर तयार होते ती घरभाड्याची यादी, शाळेच्या नावाखाली. तुमचं मूल कुठेही गेलं तरी घर तुमचंच राहणार, तेव्हा तुम्हाला हवी दुसरी गोष्ट: भर.

ती बघायची ठिकाणं अशी.

अमेरिकेत 'ग्रेटस्कूल्स' या संकेतस्थळाचा १ ते १० चा आकडा घरांच्या जाहिरातींत चिकटवलेला असतो. तो एकटा वाचू नका. शाळेच्या पानावर खाली उतरा, तिथे 'स्टुडंट प्रोग्रेस' वेगळा दिलेला असतो. चाचणीत ६ आणि प्रगतीत ९ असलेली शाळा ही चाचणीत ९ आणि प्रगतीत ४ असलेल्या शाळेपेक्षा बहुधा जास्त शिकवते, आणि तिच्या आजूबाजूला घरंही स्वस्त. दुसरं साधन म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 'एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी प्रोजेक्ट'. त्याच्या फुकट नकाशावर तिसरी ते आठवीच्या चाचण्यांवरून सरासरी गुण आणि शिकण्याचा वेग वेगवेगळे दाखवलेत. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की पुष्कळ नावाजलेली उपनगरं वेगाच्या नकाशावर मधल्या रंगात दिसतात.

ऑस्ट्रेलियात 'माय स्कूल' हे सरकारी संकेतस्थळ. तिथे प्रत्येक शाळेला 'इक्सिया' नावाचा आकडा असतो. त्याची सरासरी १,०००. लोक हा शाळेचा दर्जा समजतात. तो दर्जा नाही, मुलांच्या घरच्या पार्श्वभूमीचा निर्देशांक आहे! त्याचा खरा उपयोग तुलनेसाठी. 'नॅपलॅन' या देशभरच्या चाचणीच्या निकालांत 'सारख्या पार्श्वभूमीची मुलं' असा पर्याय आहे, तो निवडा आणि शाळा त्यांच्या वर आहे की खाली ते बघा. नॅपलॅन तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीला होते. २०२३ पासून ती मे ऐवजी मार्चमध्ये घेतात आणि मोजपट्टीही बदलली, म्हणून २०२२ पर्यंतचा आलेख पुढे जोडून 'शाळा घसरली' असा निष्कर्ष काढू नका.

इंग्लंडात माध्यमिक शाळांसाठी 'प्रोग्रेस ८' बघा. प्राथमिकच्या शेवटी सारखे गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत इथली मुलं आठ विषयांत किती पुढे गेली, असा हिशेब. शून्य म्हणजे देशाच्या सरासरीइतकं, +०.५ म्हणजे प्रत्येक विषयात सरासरी अर्धी श्रेणी जास्त. मेख अशी, की कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षाच झाल्या नाहीत, त्यामुळे २०२४-२५ आणि २०२५-२६ या वर्षांसाठी हा आकडा काढता येत नाही. २०२३-२४ पर्यंतची तीन वर्षं घ्या.

'ऑफस्टेड' या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा शेरा वाचताना तारीख आधी. 'आउटस्टँडिंग' शाळांना २०१२ ते २०२० नियमित तपासणीतून सूट होती, त्यामुळे फाटकावरचा फलक खूप जुना असू शकतो, मुख्याध्यापक दोनदा बदललेले असू शकतात. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दाचा एकूण शेरा देणं बंद झालंय आणि नोव्हेंबर २०२५ पासून शाळेच्या कामाच्या वेगवेगळ्या बाजूंना वेगळा शेरा देणारं रिपोर्ट कार्ड येतंय. दोन शाळांची तुलना करताना दोन्ही अहवाल एकाच पद्धतीचे आहेत का ते पाहा.

लहान शाळांचे आकडे नाचतात हेही लक्षात असू द्या. तीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ३.३ टक्के. एका वर्षी तीन मुलं आजारी पडली की शाळा 'दहा टक्के घसरली'. तीन वर्षांपेक्षा कमी माहितीवर मत बनवू नका, आणि परीक्षेला किती टक्के मुलं बसली तेही बघा.

---

तिरकस_रेघ

एक भर. उपनगराच्या नावाला जी चमक असते ती कधीकधी तिथल्या एका निवडक शाळेची असते, जिथे पत्त्याने नाही तर परीक्षेने प्रवेश मिळतो. इंग्लंडातली ग्रामर स्कूल तशी. तिची परीक्षा सहावीच्या सुरुवातीला, सप्टेंबरच्या सुमारास होते. तुमच्या मुलाची ती वेळ गेलेली आहे, पुढच्या वर्गांत जागा क्वचित निघतात. न्यू साउथ वेल्सच्या निवडक शाळांचा मुख्य प्रवेश सातवीला, परीक्षा सहावीत, म्हणजे तीही गेली. व्हिक्टोरियातल्या चार निवडक शाळांचा प्रवेश मात्र नववीला आणि परीक्षा आठवीत. तिथे त्याची वेळ अजून गेलेली नाही.

सांगायचा मुद्दा, निवडक शाळेच्या शेजारी घर घेऊन काही मिळत नाही. तिचे निकाल वगळून उरलेल्या शाळेकडे पाहा, तुमचं मूल तिथे जाणार आहे.

आणि पैशांचं म्हणाल तर, अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली बॉस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली होती. चाचणीतले गुण ५ टक्क्यांनी वाढले की घराची किंमत साधारण अडीच टक्क्यांनी वाढते असं निघालं. म्हणजे सरासरीचे पैसे बाजार आधीच वसूल करतो. सरासरीचा_शत्रू म्हणतायत ती 'भर' त्या मानाने स्वस्तात मिळते, कारण घरं बघताना ती फारसं कोणी उघडून बघत नाही.

---

दाखला_जावक_क्रमांक

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आधी इयत्ता ठरवू, कारण चुकीच्या इयत्तेची चौकशी करून लोक महिना घालवतात.

परदेशी इयत्ता बहुधा जन्मतारखेवर ठरते, आणि तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी. इंग्लंडात ३१ ऑगस्ट. व्हिक्टोरियात पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण, न्यू साउथ वेल्समध्ये ३१ जुलैपर्यंत. अमेरिकेत राज्यागणिक वेगळी, पण १ सप्टेंबर किंवा त्याच्या आसपास पुष्कळ ठिकाणी.

तुमची मुलगी जानेवारीत पोचली तर इंग्लंडात तिसरीच्या मध्यात, वर्गातली जवळजवळ सर्वांत लहान. अमेरिकेत १ सप्टेंबरच्या राज्यात दुसरीच्या मध्यात. ऑस्ट्रेलियात दुसरीच्या पहिल्या दिवशी, कारण तिथलं शैक्षणिक वर्षच जानेवारीच्या शेवटी सुरू होतं. मुलगा इंग्लंडात सातवीच्या मध्यात, अमेरिकेत सहावीच्या मध्यात, ऑस्ट्रेलियात सातवीच्या आरंभी, आणि तिथे सातवी म्हणजे माध्यमिक शाळेचं पहिलं वर्ष. अमेरिकेत एक इयत्ता मागे गेल्यासारखं वाटेल, तो फक्त तारखेचा फरक. गेल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका दाखवून वरची इयत्ता मागता येते, निर्णय शाळेचा. इंग्लंडात मागूनही सहसा मिळत नाही.

आता इंग्लंडातला मधल्या वर्षीचा अर्ज. तो काउन्सिलकडे किंवा थेट शाळेकडे, हे प्रत्येक भागात वेगळं. नियमावलीप्रमाणे उत्तर १० शालेय दिवसांत देण्याचा प्रयत्न करायचा आणि १५ दिवसांच्या आत द्यायचंच. बहुतेक ठिकाणी सही झालेला भाडेकरार लागतो, 'घर बघतोय' या टप्प्यावर अर्ज घेत नाहीत. प्रतीक्षायादी अर्जाच्या तारखेने लागत नाही, निकषांनी लागते. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात आणि उद्या शाळेच्या जवळ कोणी राहायला आलं की तिसरे. त्यामुळे 'दुसरा नंबर आहे, होईल लवकर' यावर घराचा करार करू नका.

एक फायद्याची गोष्ट: एका शिक्षकामागे तीस मुलांची कायदेशीर मर्यादा फक्त रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीला आहे. तिसरीला ती लागू नाही, त्यामुळे तुमच्या मुलीला नकार आला तर अपील करण्यात अर्थ आहे. दुसरीत असती तर अपील जवळपास फुकट गेलं असतं.

कागदांचा गठ्ठा निघायच्या आधी करा: जन्मदाखला, पारपत्र आणि व्हिसा, दोन वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्यांच्या इंग्रजी प्रती शाळेच्या शिक्क्यासह. लसीकरणाच्या कार्डावर नुसती बरोबरची खूण चालत नाही, लसीचं नाव आणि दिवस-महिना-वर्ष लागतं. अमेरिकेत लसी अपुऱ्या असतील तर मुलाला सहसा वर्गात बसू देत नाहीत. बहुतेकांचं अडतं ते कांजण्यांच्या लसीवर. ती सगळ्या देशांच्या सरकारी वेळापत्रकात नसते, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तिचे दोन डोस मागतात. दोन डोसांमध्ये लहान मुलांसाठी साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात, म्हणून मुलीचा पहिला डोस झाला नसेल तर बालरोगतज्ज्ञांना आजच भेटा. ऑस्ट्रेलियात परदेशातल्या लसींची नोंद तिथल्या लसीकरण नोंदवहीत करून घ्यावी लागते. शाळा तिथला उतारा मागते, तुमचं कार्ड नाही.

आणि ऑस्ट्रेलियात सरकारी शाळा म्हणजे फुकट असं धरून चालू नका. तात्पुरत्या व्हिसावर काही राज्यं फी घेतात, काही माफ करतात, सगळं व्हिसाच्या उपवर्गावर. उपवर्गाचा क्रमांक घेऊन राज्याच्या शिक्षण खात्याला विचारा. दोन मुलांची फी निघाली तर उपनगराचं गणितच बदलेल.

---

रानपाखरू

माझी मुलगी वाचनात मागे आहे, शाळेतून वेगळा आधार मिळतो. असं असेल तर निवडताना आणखी काय बघावं?

---

दाखला_जावक_क्रमांक

रानपाखरू, देश बदलला की आधाराचा जुना आराखडा आपोआप लागू होत नाही, नवी तपासणी होते. म्हणून आराखड्यापेक्षा त्यामागचा मूल्यमापन अहवाल महत्त्वाचा: कुठल्या चाचण्या झाल्या, गुण किती, तारीख, तज्ज्ञाची सही. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर निघण्याआधी नवा करून घ्या. अमेरिकेत डिस्ट्रिक्टला लेखी विनंती करा, तोंडी विनंतीला मुदतीचं घड्याळ सगळीकडे सुरू होत नाही. शाळेला विचारायचा प्रश्न 'आधार देता का?' असा नको, सगळे हो म्हणतात. 'वाचनासाठी वेगळा शिक्षक आठवड्यात किती तास असतो आणि आत्ता त्याच्याकडे किती मुलं आहेत?' असा विचारा.

---

घंटा_झाली

वर सगळं कागदावरचं आलं. शाळेला भेट द्यायची संधी मिळाली (व्हिडिओवरही चालेल) तर हे विचारा.

गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? तीस शिक्षकांतले दोन-तीन, ठीक. आठ-नऊ गेले असतील तर कारण विचारा, आणि उत्तर कसं येतं ते ऐका. मुख्याध्यापक किती वर्षं आहेत? वर्षाच्या मध्यात साधारण किती मुलं येतात? हा प्रश्न तुमच्यासाठी सर्वांत मोलाचा. जिथे दर सत्रात दहा-बारा मुलं येतात-जातात तिथे नव्या मुलाला सांभाळायची पद्धत बसलेली असते: सोबती नेमून देणं, पहिल्या आठवड्यात गणित-वाचनाची पातळी बघणं, इंग्रजीचा जादा तास. जिथे सात वर्षं तीच तीस मुलं एकत्र आहेत, ती शाळा आकड्यांत कितीही देखणी असली तरी बारा वर्षांच्या नवागताला जड जाते.

गणिताचे गट पाडतात का, आणि मधल्या वर्षी आलेल्याला कुठल्या गटात टाकतात? पुष्कळदा 'आत्ता खालच्या गटात बसू दे, बघू' असं होतं आणि मूल वर्षभर तिथेच राहतं. पातळी-चाचणी कधी घेणार त्याची तारीख मागून घ्या.

मैदानात सुटे, उचलून ठेवता येणारे वर्ग किती आहेत ते उपग्रह नकाशावर घरबसल्या दिसतं. चार-पाच दिसले की समजा शाळा क्षमतेबाहेर भरली आहे. हद्द बदलण्याची चर्चाही अशाच ठिकाणी सुरू होते. डिस्ट्रिक्टच्या किंवा काउन्सिलच्या सभांच्या इतिवृत्तात 'हद्द', 'पटसंख्या', 'नवी शाळा' हे शब्द शोधा, दोन वर्षं मागेपर्यंत.

मग येण्याजाण्याचं. तुमच्या दोन मुलांच्या दोन शाळा असणार, दोन्हींची वेळ बहुधा अर्ध्या तासाच्या आत. नकाशावर घर ते पहिली शाळा ते दुसरी शाळा ते कार्यालय असा मार्ग, मंगळवार किंवा बुधवार सकाळची आठची वेळ टाकून बघा. रविवारी दुपारी दिसणारी १२ मिनिटं आठवड्यात ३० होतात. इंग्लंडात फुकट वाहतूक साधारणपणे सर्वांत जवळच्या योग्य शाळेसाठीच: आठ वर्षांखालच्यांना २ मैलांपलीकडे, आठ पूर्ण झाल्यावर ३ मैलांपलीकडे. तुमच्या मुलीला ऑगस्टमध्ये आठ पूर्ण होतील, म्हणजे अडीच मैलांवरची शाळा असेल तर सप्टेंबरात सवलत गेली.

दोघंही नोकरी करणार असाल तर शाळेआधीच्या आणि नंतरच्या देखभालीची जागा शाळेच्या जागेआधी विचारा. मुलांना प्रवेश मिळाला, पण तीन वाजल्यानंतर मुलीला ठेवायला जागा नाही, ही अडचण फार लोकांची होते. ती यादी वेगळी असते आणि तिला पत्त्याची हमी नसते.

---

नकाशेवाला

भाड्याबद्दल राहिलं. पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, पण हद्दीच्या आत आणि काठापासून दूर. पुष्कळ शाळा आणि काउन्सिलं बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा करार मानत नाहीत, आणि तात्पुरतं हॉटेल किंवा ओळखीच्यांचं घर हा पत्ता धरत नाहीत. दुसऱ्याचा पत्ता वापरून घेतलेला प्रवेश उघड झाला तर रद्द होऊ शकतो. खरेदीआधी अमेरिकेत मालमत्ता कराचं गेल्या वर्षीचं बिल बघा. शाळांचा मोठा खर्च त्यातून निघतो, आणि दोन शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये तो दर बराच वेगळा असू शकतो.

---

विंचवाचं_बिऱ्हाड

मंडळी, अपडेट: व्हिक्टोरिया ठरलं. कंपनी सहा आठवडे सर्व्हिस अपार्टमेंट देतेय, ८ जानेवारीला पोचू. माध्यमिकचे तीन झोन निवडलेत, तिन्हींत सारख्या पार्श्वभूमीच्या मुलांपेक्षा निकाल वर आहेत. आता शाळांना पत्र कधी टाकू? पोचल्यावर की आधी?

---

दाखला_जावक_क्रमांक

आधीच, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत. तिथलं शेवटचं सत्र साधारण २० डिसेंबरच्या सुमारास संपतं आणि मग जानेवारीच्या शेवटापर्यंत उन्हाळ्याची सुट्टी. ८ तारखेला पोचून फोन केलात तर बहुतेक कार्यालयांत कोणी उचलणार नाही. शाळा उघडायच्या थोडे दिवस आधी माणसं येतात, आणि तेव्हा त्यांच्यापुढे सगळ्यांचीच गर्दी असते.

ईमेलमध्ये मुलाची जन्मतारीख, येणारी इयत्ता, व्हिसाचा उपवर्ग आणि पोचायची तारीख लिहा, गुणपत्रिका जोडा, आणि विचारा की भाडेकरार झाल्यावर कुठली कागदपत्रं लागतील आणि सुट्टीत ती कोण बघतं. सर्व्हिस अपार्टमेंटच्या पत्त्यावर झोनची जागा मागू नका, तो कायमचा पत्ता नव्हे. घर बघण्याच्या भेटी ९ जानेवारीपासून ठरवून ठेवा. २० तारखेच्या आत करारावर सही झाली तर दोघंही पहिल्या दिवशी वर्गात बसू शकतात. नाही झाली तर मुलीचं फार बिघडत नाही, पण मुलाचा सातवीचा पहिला आठवडा चुकवू नका. त्या वर्गात सगळीच मुलं वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून नवी आलेली असतात आणि गट त्याच आठवड्यात जमतात. तशी वेळ आली तर तात्पुरता पत्ता ज्या झोनमध्ये पडतो तिथल्या शाळेला विचारून ठेवा, कंपनीला सर्व्हिस अपार्टमेंट तुमच्या तीन झोनांपैकी एकात द्यायला सांगता आलं तर आणखी बरं.